खाली ठेवलेला फिंजान

"चार खुर्च्यांची माणसं ही, आणि प्रश्न बघा, चाळिसांच्या वाटचे विचारतात. माझं जेवण गार झालं त्या एका प्रश्नापायी."

आवाज आडोशापलीकडून आला. मी अलीकडे नमाजेआधीचे हातपाय धूत होते. डावा पाय नळाखाली, उजव्या पायावर सगळा भार, एक हात भिंतीला. या वयात एका पायावर उभं राहणं ही इबादतच म्हणायची, वेगळी नमाज नाही पढली तरी चालेल. चार खुर्च्यांची माणसं म्हणजे आम्ही, धाकट्या अमिरातींतून देशाच्या सल्लागार परिषदेवर आलेलो. बोलणाऱ्या बाई आठ खुर्च्यांच्या होत्या. त्यांचा राग काही खोटा नव्हता. माझ्या प्रश्नावर अर्धा तास गेला, आणि तो अर्धा तास नेमका जेवणातून गेला.

"विचारू दे गं," दुसरी म्हणाली. ही तरुण होती, माझ्याशी नेहमी गोड बोलायची, माझ्या गावच्या आंब्यांची चौकशी करायची. "आज शेवटचंच तर बसणं. आणि तिची खुर्ची काय, कॉफीवरची."

"कॉफीवरची म्हणजे?"

"अगं, तुला ठाऊक नाही? तिच्या आईने कॉफीचा फिंजान खाली ठेवला होता तिकडे, मोठ्या शेखांच्या घरी."

मग दोघी हसल्या. वाईट हसल्या नाहीत. शेजारणीच्या घरातला जुना किस्सा ऐकून हसावं तशा. नळ बंद झाले, सपाता वाजल्या, दार लोटलं गेलं. माझा पाय नळाखालीच होता. पाणी घोट्यावरून वाहत होतं आणि मला त्याचा गारवा कळत नव्हता. मनात आलं ते इतकंच, की ही गोष्ट आमच्या घरात चार वर्षांत कुणी तोंडातून काढली नाही, आणि इथे राजधानीत, तीन तासांच्या रस्त्यापलीकडे, हात धुताना बोलली जाते. मी पाय खाली घेतला. धुवायचं कुठवर आलं होतं ते आठवेना, म्हणून पुन्हा पहिल्यापासून धुतलं.

सभागृहात परत गेले तेव्हा कामकाज संपत आलं होतं. माझा प्रश्न साधा होता. आपल्या देशाची आई आणि परक्या देशाचा बाप असलेल्या मुलांचे नागरिकत्वाचे अर्ज अडकले, तर त्यांनी कुणाच्या दारी जायचं? संबंधित मंत्री दौऱ्यावर होते. त्यांनी अदबीनं निरोप पाठवला होता की उत्तर पुढच्या सत्रात देतील. पुढचं सत्र उन्हाळ्यानंतर, आणि तोवर आमची मुदत संपून नवे सदस्य आलेले असणार. यात कुणाची लबाडी नव्हती. नियमात बसत होतं. मी बारा वर्षं मुलींना नागरिकशास्त्र शिकवलंय, नियमात काय बसतं ते मला कळतं. अध्यक्षांनी माझ्याकडे पाहून मान लववली, मी त्यांच्याकडे पाहून मान लववली, आणि प्रश्न दोघांच्या मधे कुठेतरी जमिनीवर पडला. शेवटी सगळ्यांचा एकत्र फोटो झाला. उंच माणसं मागे.

शाळेत मी फळ्यावर सात गोळे काढायचे. दोन मोठे, दोन मधले, तीन लहान. लहानातला एक आमचा. मुली त्यात लगेच खजुराचं झाड काढायला सांगायच्या. सात गोळे म्हणजे सात शासक. सातांची मिळून सगळ्यांत वरची बैठक, तिच्यात महत्त्वाची गोष्ट ठरायची तर पाचांचा होकार हवा, आणि त्या पाचांत दोन मोठे असायलाच हवेत. ते सात आपल्यातून एकाला राष्ट्राध्यक्ष निवडतात. त्याखाली मंत्रिमंडळ. आणि फळ्यावर जिथे जागा उरेल तिथे आमची परिषद, चाळीस जणांची. मोठ्यांचे आठ-आठ, मधल्यांचे सहा-सहा, आमच्यासारख्यांचे चार-चार. त्यातले अर्धे मतांनी येतात, अर्धे आपापल्या शासकानं नेमलेले. परिषद चर्चा करते, सल्ला देते. दर वर्षी एखादी मुलगी विचारायचीच, "उस्ताझा, आणि सल्ला ऐकला नाही तर?" मी म्हणायचे, "पुढचं पान." पुढच्या पानावर दोन रकाने होते. डावीकडे संघाच्या हातातलं : सैन्य, परराष्ट्र, चलन, नागरिकत्व. उजवीकडे ज्या त्या अमिरातीच्या हातातलं, म्हणजे बाकीचं सगळं, जमीन, किनारा, वाळूखाली जे काही असेल ते. डोंगरातल्या गावाला रकाने पाठ करायला किती वेळ लागणार? माझ्या भाचीला, वदीमाला, तर एका दुपारी पाठ झाले. ती माझ्याच वर्गात होती, तिसऱ्या बाकावर. घटनेच्या पेपरात तिला पैकीच्या पैकी मिळाले. ज्या संघाचा कारभार तिला इतका चोख येत होता, त्याच्या नागरिकांत ती नव्हती. तेव्हा हे मला विनोदी वाटलं होतं. मी अफ्राला सांगितलंही होतं, हसत. अफ्रा हसली नव्हती.

अफ्रा माझी धाकटी बहीण. तिनं सालिम बा-वझीरशी लग्न केलं. तो परक्या देशातून, हद्रमौतहून, भूगोल शिकवायला आलेला, सडसडीत, फार हळू बोलणारा. भूगोलाच्या माणसाला सरहद्दीचं भान नसावं याला काय म्हणायचं? आमच्या वडिलांनी महिनाभर अबोला धरला, मग म्हणाले, "निदान दाढी तरी नीट राखतो." वदीमा झाली. सालिम आईला भेटायला म्हणून गेला आणि तिकडेच तापानं गेला. पाच वर्षांनी अफ्रा गेली, छातीतल्या गाठीनं. वदीमा आमच्याकडेच वाढली, माझ्या आणि आईच्या मधल्या गादीवर. बापाच्या देशाचा पासपोर्ट, आमच्या घरचा पत्ता, दर काही वर्षांनी राहण्याच्या परवान्याची धावपळ. अठराची झाली तेव्हा तिचा नागरिकत्वाचा अर्ज केला. आमच्या इथलं कचेरीतलं माणूस फार भलं होतं. चहा पाजून म्हणालं, हे संघाचं काम, वर विचारा. वर गेलो. तिथलंही माणूस भलंच. पाणी देऊन म्हणालं, तुमच्या अमिरातीची शिफारस खालून यायला हवी. आठ वर्षं आम्ही या दोन भल्या माणसांच्या मधे राहिलो. दोघंही खरं बोलत होते, हीच पंचाईत. एकानं जरी थाप मारली असती तरी कुणावर तरी रागावता आलं असतं.

राजधानी मागे पडली तशी उन्हाची धग रस्त्यावर थरथरायला लागली. मी गाडी हळू चालवते. शहरातून निघालं की पहिला तासभर दोन्ही बाजूंना माणसानं लावलेली झाडं, मग कुंपणापलीकडे वाळू, कुठे एखादा उंट कुंपणाशी येऊन रस्त्याकडे बघत उभा. त्याला पलीकडे जायचं असतं, आणि पलीकडेही हेच आहे हे त्याला माहीत नसतं. फोन वाजला. सुहेल. आमच्याच अमिरातीतून मतांनी निवडून आलेला सदस्य. हा एका बाजारपेठेचा मालक, आणि गावातल्या निम्म्या लोकांचा मामेभाऊ.

"उस्ताझा कलथम, आत्ताच तुम्हाला मागे टाकलं मी. म्हटलं रस्त्यात कुणी उंटीण सोडलीय की काय. मग बघतो तर परिषदेचा बिल्ला लावलेली गाडी!"

"जा बाबा पुढे. तुला मतं मिळवायचीत पुन्हा. मला कशाची घाई?"

"मतं?" तो हसला. "मला जेवढी मतं पडली ना, तेवढी माणसं माझ्या धाकट्या मुलाच्या लग्नात जेवली. बिर्याणी कमी पडली असती तर निवडून आलो नसतो. बरं, ऐका. तुमचं नाव पुन्हा जाणार. मोठ्या शेखांच्या घरून उद्या बोलावणं येईल, दुपारच्या अस्रच्या नमाजेनंतर. आईंना घेऊन या म्हणालेत. मुबारक."

समोर एक टँकर होता, त्याच्या मागे पाणी टपकत होतं आणि तापल्या डांबरावर टपकल्या टपकल्या नाहीसं होत होतं.

"ऐकताय ना?"

"ऐकतेय. अल्ला तुझं भलं करो."

"आणि ते…" तो अडखळला. सुहेल कधी अडखळत नाही. "ते घरचं तुमचं काम? झालं काही?"

"चाललंय."

"चाललंय ना. चालतंय, चालतंय," तो घाईनं म्हणाला. "बरं, वळणावर सांभाळा, वाळू आलीय रस्त्यावर." आणि फोन बंद. आमच्याकडे सगळे असंच करतात. त्या एका गोष्टीपाशी आले की वळणावरची वाळू आठवते.

गोष्ट इतकी लहान आहे की सांगायला लाज वाटते. चार वर्षांपूर्वी आई मोठ्या शेखांच्या मजलिसमध्ये, म्हणजे बायकांच्या भेटीच्या बैठकीत गेली. मोठ्या शेखा म्हणजे आमच्या शासकाच्या आई. त्यांचं नाव हस्सा, पण आज ते नाव घेणारी बहुधा माझी आईच उरली आहे, आणि तीसुद्धा मनातल्या मनात. दोघींचं लहानपण उन्हाळ्यात आमच्या डोंगरातल्या वाडीवर गेलं. पाटाच्या पाण्यात पाय सोडून बसायचं, कच्चा खजूर खाऊन पोट दुखवून घ्यायचं. आई गेली, बसली. कॉफी ओतणारीनं तिला पहिला फिंजान दिला, तो बिनकानाचा, दोन घोटांचा. आईनं तो हातात घेतला, आणि न पिता समोर गालिच्यावर ठेवला. आमच्याकडे याचा अर्थ लहान मुलालाही कळतो. मी मागायला आले आहे, आणि मिळेपर्यंत तुझ्या घरची कॉफी पिणार नाही. फिंजान खाली असेपर्यंत यजमानाची मान खाली. म्हणून यजमान आधी म्हणतो, पी, तुझं काम झालं. काम काय ते नंतर विचारतो. एकदा 'झालं' म्हटलं की झालं. नाही म्हणायची सोय या रिवाजात ठेवलेलीच नाही. शेखा म्हणाल्या, "पी गुबैशा, तुझं काम झालं." आई प्यायली. मग सांगितलं, वदीमाचं कागदाचं तेवढं करा. शेखा म्हणाल्या, इन्शाल्ला.

आईनं घरी येऊन हे सांगितलं तेव्हा मी भांड्यातली डाळ निवडत होते. हात थांबले. उजव्या रकान्यातल्या घरी जाऊन तिनं डाव्या रकान्यातलं मागितलं होतं. शासकाच्या हातात जे नव्हतंच त्यासाठी फिंजान खाली ठेवला होता, आणि त्याच्या आईच्या तोंडून 'झालं' वदवून घेतलं होतं. पण आईला रकाने कुठले ठाऊक? तिच्या वडिलांना पहिला कागद मिळाला तो आत्ताच्या शासकाच्या आजोबांच्या अंगणात, झावळ्यांच्या मांडवाखाली, अंगठा उठवून, आणि वर मूठभर खजूर. संघ झाला ते तिनं रेडिओवर ऐकलं. विचारलं, "म्हणजे आता आपल्या शेखांच्या वर कोण?" माझे वडील म्हणाले, "वर कुणी नाही. बाजूला पाच." थोड्या दिवसांनी सातवी अमिरात येऊन मिळाली, तेव्हा सुधारून म्हणाले, "बाजूला सहा." यापलीकडे तिची राज्यघटना कधी गेली नाही. मीही तिला सांगितलं नाही. एवढ्या मुलींना शिकवलं, घरातल्या एका बाईला फळ्यापुढे बसवलं नाही.

मग तो उन्हाळा गेला, हिवाळा आला, कागद आला नाही. आला तो शासकांचा हुकूम, परिषदेवर नेमलेल्या सदस्यांची नावं, त्यात माझं. मी शाळेत होते. शिपाई धावत आला, मुली टाळ्या वाजवायला लागल्या, मुख्याध्यापिकेच्या खोलीत ऊद जाळला गेला. घरी बकरा कापला. गहू-मांसाचं हरीस शिजवायला शेजारच्या बायका आल्या, रात्रभर लाकडी दांड्यांनी घोटत बसल्या. सगळे म्हणत होते, बघ, शेखांनी मान ठेवला तुझ्या आईचा. आई हो हो म्हणत होती. वदीमा ताटं वाढत होती. तिनं मला मिठी मारली, तिच्या हातांना तुपाचा वास होता, आणि म्हणाली, "खाला, आता तुम्ही वर गेलात." मी तिच्या तोंडाकडे बघितलं नाही. आम्ही तिघींनी त्या दिवशी एकमेकींकडे बघितलं नाही, आणि मग ती सवयच पडली. घरात खुर्चीविषयी बोलणं होतं, आणि कागदाविषयीही होतं. दोन्ही एका श्वासात कुणी बोलत नाही. जणू दोन वेगळ्या घरांतल्या दोन वेगळ्या वस्तू. मी त्या खुर्चीवर चार वर्षं बसले. चांगली मऊ खुर्ची. पाठीला आधार होता. कधी कधी एखाद्या लांबलेल्या भाषणात मला वाटायचं की खाली कुणीतरी आहे, मी कुणाच्या तरी मांडीवर बसले आहे. मग मी सावरून बसायचे.

डोंगर सुरू झाले. ते नेहमी एकदम सुरू होतात, वाळू संपते आणि काळा दगड उभा राहतो. बोगद्यातून बाहेर पडले की खाली समुद्र दिसतो, आणि माझे खांदे आपोआप खाली येतात. आज आले नाहीत.

आई ओसरीवर बसली होती, पुढ्यात खजुराच्या पातीची टोपली. आमच्या झाडांचा यंदाचा पहिला पिकलेला खजूर ती एकेक करून पुसत होती. नाकावर, चेहऱ्यापुरता निळीनं रंगवलेला बुरखा असतो त्याचा, निळा डाग. वयाप्रमाणे डागही जुना झालाय, आता धुतला तरी जात नाही.

"आलीस? उत्तर दिलं का त्यानं?"

"मंत्री बाहेरगावी गेलेत, यम्मा. पुढच्या वेळी देतील."

"पुढच्या वेळी," आईनं एक खजूर उजेडात धरून बघितला आणि बाजूला ठेवला. "त्यांना बरं असतं बाई. त्यांची पुढची वेळ असतेच."

वदीमा आतून आली. अंगावर घरचा ढगळ झगा, केस वर बांधलेले, हातात मोठी पेटी ओढत. तिचा इथला परवाना या महिन्यात संपतो. ज्या दवाखान्यात ती रक्त तपासायची तिथला करारही संपला. डोंगरापलीकडे, ओमानात, सोहारला तिला नोकरी मिळाली आहे. गाडीनं दीड तास. शुक्रवारची नमाज झाली की निघणार. दीड तासाच्या प्रवासाला कुणी एवढी मोठी पेटी नेतं का?

"खाला, तुमची ती हिरवी शाल नेऊ? तिकडे वातानुकूलन फार लावतात म्हणे."

"ने. दोन्ही ने."

"दोन्ही कशाला? यायचंच आहे मला. पाहुणी म्हणून येईन." ती हसली. तिचं हसणं अफ्राचं आहे, फक्त डावीकडून सुरू होतं. "घरच्या माणसाला कोण विचारतं? पाहुण्याला निदान कॉफी मिळते."

आईचे हात टोपलीत थांबले. मी माझ्या पर्समध्ये काहीतरी शोधायला लागले. वळणावरची वाळू. वदीमालाही कळलं की ती कुठे आली होती. तिनं पेटी उगाचच उघडली आणि बंद केली.

रात्री झोपताना आईनं पाठ फिरवून विचारलं, "उद्या बोलावलंय ना हस्साकडे?" तिनं नाव घेतलं होतं, पदवी सोडून. "हो," मी म्हटलं. "वदीमालाही घेऊ," ती म्हणाली. "निघायच्या आधी आशीर्वाद घेईल." तिच्या आवाजात काही नव्हतं. मी ऐकायला हवं होतं ते हेच, काही नसणं.

मोठ्या शेखांच्या मजलिसमध्ये वर्षानुवर्षं काही बदलत नाही, फक्त थंडी वाढते. भिंतीलगत बैठका, मधे मोकळा गालिचा, कोपऱ्यात ऊद. पाचसहा बायका आधीच बसल्या होत्या. कुणी जमिनीच्या तुकड्यासाठी, कुणी मुलाच्या लग्नाला मदत मागायला, कुणी नुसतंच तोंड दाखवायला. शेखा मधल्या बैठकीवर, लहानखुऱ्या, चेहऱ्यावर सोनेरी बुरखा, हातात जपमाळ. आईनं वाकून त्यांच्या नाकाला नाक लावलं. त्यांनी आईचा हात सोडला नाही, शेजारी बसवून घेतलं. टोपली पुढे ठेवली.

"वाडीवरचा? पाटाच्या वरच्या अंगाचा?" शेखांनी एक उचलून खाल्ला. डोळे मिटले. "अजून तसाच."

"पाट आटलाय, शेखा. आता टँकरनं पाणी घालते. तरी बिचारा गोड येतो."

"तुझ्यासारखा हट्टी."

बायका हसल्या. शेखा माझ्याकडे वळल्या. "कलथम, तू तर राजधानीची झालीस. आमच्या मुलानं तुझं नाव पुन्हा द्यायचं ठरवलंय. लोक चांगलं बोलतात तुझ्याबद्दल. म्हणतात, ती प्रश्न विचारते."

"तुमची मेहरबानी, शेखा," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार? त्या खरंच मायेनं बोलत होत्या. मला त्यांच्या मायेचाच थकवा आला होता. वदीमा माझ्या उजव्या हाताला, गुडघे जुळवून, अंगठ्यानं अंगठा दाबत बसली होती. लहानपणी पेपरात उत्तर आठवत नसलं की ती असं करायची. पण तिला सगळी उत्तरं यायची, मग ती काय आठवत होती?

कॉफी ओतणारी आली. डाव्या हातात चोचीची कॉफीची किटली, दल्ला, उजव्यात फिंजानांची उतरंड. आधी शेखा, मग आई. वेलदोड्याचा आणि केशराचा वास खोलीभर पसरला. आईनं उजव्या हातानं फिंजान घेतला. थोडा वेळ धरून राहिली, हात शेकावा तशी. मला कुणीतरी मानेमागून ओढल्यासारखं झालं. पी, यम्मा, मी मनात म्हणाले. एक घोट पी, फिंजान हलव, बास म्हण, घरी जाऊ. आज पी. आता काय उरलंय मागायला? मुलगी निघालीय. पेटी भरून झालीय.

आईनं फिंजान खाली ठेवला.

गालिचा जाड होता, आवाज झाला नाही. पण खोलीतलं बोलणं एकेका तोंडातून बंद होत गेलं, कुणी दिवे मालवत जावं तसं. ओतणारी दल्ला धरून तशीच उभी. माझ्या पुढच्या फिंजानात तिनं अजून ओतलं नव्हतं. मी आईच्या समोरच्या त्या दोन घोटांकडे बघत राहिले. वर बारीक वाफ होती. मला फळा दिसला, दोन रकाने, आणि मधली माझ्या हातानं ओढलेली रेघ, जरा वाकडी. ती रेघ या फिंजानाखालून जात होती. आईला ती आता ठाऊक होती का? चार वर्षं माझ्या तोंडून परिषदेच्या गोष्टी ऐकल्या तिनं. नसेल कशी? ठाऊक असूनही तिनं पुन्हा त्याच घरी तो खाली ठेवला होता. दुसरं घर तिला माहीत नव्हतं. बाजूच्या सहांच्या दारात ती कोण?

शेखांची जपमाळ थांबली. सगळ्या बायका आता त्या शब्दाची वाट बघत होत्या. तो शब्द इतका सोपा आहे, आणि तो म्हटला गेला नाही असं आमच्यात कुणी कधी ऐकलेलं नाही. शेखांनी माझ्याकडे पाहिलं. मग वदीमाकडे पाहिलं, बराच वेळ. मला वाटतं, त्यांनी तिला पहिल्यांदाच नीट पाहिलं.

"गुबैशा," त्या म्हणाल्या, "पी."

"'झालं' म्हण," आई म्हणाली. "मग पिते."

"आजी," वदीमा हळूच म्हणाली, "नको. राहू दे."

"तू गप्प बस. मोठी माणसं बोलतायत." आईनं तिच्याकडे वळूनही पाहिलं नाही. "मी मागच्या वेळी प्यायले, हस्सा. तू म्हणालीस म्हणून प्यायले. चार वर्षं झाली, ती कॉफी माझ्या घशाखाली उतरली नाही. ही परवा निघतेय. मला एवढंच सांग, तुझ्या घरी नाही ठेवायचा, तर हा मी कुणाच्या घरी ठेवू?"

भर मजलिसमध्ये तिनं शेखांना 'हस्सा' म्हटलं होतं. कुणाच्या तरी बांगड्या वाजल्या आणि थांबल्या. मी उठून आईचा हात धरायला हवा होता, क्षमा मागायला हवी होती. मी बसून राहिले. शेखांनी बुरख्याच्या कडेखालून बोट घालून डोळ्याचा कोपरा पुसला, उन्हातून आलेल्या माणसानं घाम पुसावा तसा. मग त्या आईकडे सरकल्या. आवाज लहान झाला होता, पण खोली इतकी गप्प होती की शेवटच्या बाईलाही ऐकू गेला.

"ते आमच्या हातात नाही, गुबैशा. तेव्हाही नव्हतं. तू फिंजान खाली ठेवलास, मी 'झालं' म्हणून बसले, आणि माझ्या मुलानं शोध शोध शोधलं तरी त्याच्याजवळ तुला द्यायला ते नव्हतं. जे होतं ते दिलं. नातीच्या कागदाच्या जागी लेकीला खुर्ची दिली. पी आता. गार झाली."